मदत हवी आहे: फुलबाजीच्या इजांचा आकडा पत्रकात कसा लिहावा?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीसाठी फटाक्यांबद्दलचं एकपानी सूचनापत्रक करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इथे २०१७ च्या कायद्यापासून हातात धरायच्या फुलबाज्या चालतात, सुतळी बॉम्ब वगैरे अजूनही बंदच. म्हणून सगळा भर फुलबाजीवर.

आकडे अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचे घेतलेत. २०२२ साली फटाक्यांमुळे इमर्जन्सी रूममध्ये गेलेले अंदाजे १०,२००, त्यात फुलबाजीचे ६००. समितीतल्या एका काकांनी लगेच भागाकार केला: "सहा टक्केही नाहीत! फुलबाजी निर्धोक, असं छापून टाक." मला पटत नाहीये, पण नेमकं काय खटकतंय ते सांगताही येत नाही. शिवाय २०२० मध्ये १५,६०० आणि २०२३ मध्ये ९,७००, इतकं वर-खाली कसं?

कोणी आकडेशास्त्रातलं आहे का इथे?

– शेवंती

---

शेवंतीताई, काकांचा छेद चुकलाय. १०,२०० हा वर्षभराचा अंदाज. फटाक्याच्या प्रकारानुसार फोड मात्र फक्त ४ जुलैच्या (अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या) आसपासच्या एका महिन्याची असते. त्या महिन्यात वर्षभरातल्या ७३ टक्के इजा झाल्या, म्हणजे साधारण ७,४००. त्यातले ६०० म्हणजे आठ टक्के. त्यातही बऱ्याच केसमध्ये कोणता फटाका होता हे नोंदवलेलंच नसतं.

आणि हे ६०० कोणी मोजलेले नाहीत. देशभरातल्या सुमारे १०० रुग्णालयांचा नमुना घेतात आणि प्रत्येक केसला भार (म्हणजे ती एक केस देशातल्या किती केसच्या जागी धरायची तो आकडा) देऊन देशाचा अंदाज काढतात. छोट्या रुग्णालयातल्या केसचा भार मोठा, मुलांच्या रुग्णालयातल्या केसचा कमी. एखाद्या छोट्या गावात दोन पोरं जास्त भाजली तरी राष्ट्रीय आकडा हलतो. म्हणूनच १,२०० च्या खालचा अंदाज आयोग स्वतःच भरवशाचा मानत नाही. तुमचे ६०० त्याच्या निम्मे!

– दशांश

---

२०२० चं सोपं आहे. कोविडमुळे गावोगावची सार्वजनिक आतषबाजी रद्द झाली आणि लोकांनी अंगणात फटाके उडवले. ती वाढ खरी असावी. पण ९,७०० आणि १०,२०० मधल्या फरकावरून काही बोलू नये.

अर्जंट केअरला (इमर्जन्सी रूमऐवजी छोट्या तातडीच्या दवाखान्यात) गेलेले, घरी बर्नॉल लावून बसलेले यात नाहीतच. आपल्याकडे हेच जास्त, नाही का? :)

– परसबाग

---

दोघांचेही आभार. मग दिवाळीच्या दिवसांचं काहीच हाती लागणार नाही का?

– शेवंती

---

लागेल. नमुन्यातल्या रुग्णालयांच्या मूळ नोंदी वर्षभर चालू असतात आणि कुणालाही उतरवून घेता येतात. फटाक्यांचा उत्पादन कोड १३१३. उपचाराची तारीख आणि दोन ओळींची हकीकत असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वाचा, पण त्यावरून टक्केवारी काढू नका. केस फार थोड्या मिळतील.

पत्रकात मी टक्केवारी देणारच नाही. "फुलबाजीचं टोक साधारण १,१०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. विझलेली कांडी पाण्याच्या बादलीत टाका, लहान मुलांच्या हाती देऊ नका." आकडा हवाच असेल तर एकच ओळ: "२०२२ मध्ये ४ जुलैच्या आसपासच्या एका महिन्यात अंदाजे ६०० जणांना फुलबाजीमुळे इमर्जन्सी रूममध्ये जावं लागलं." 'अंदाजे' आणि 'एका महिन्यात' हे शब्द काकांना खोडू देऊ नका.

– दशांश