शब्दचर्चा : 'डँगलिंग'ला मराठीत काय म्हणावं?

चोपडा : कॉलेजच्या लॅबसाठी 'गिट एफएसके'चे (कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या 'गिट'चा साठा तपासणारी आज्ञा) संदेश मराठीत दाखवणारी शेल स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) करतोय. 'डँगलिंग कमिट'ला (कमिट म्हणजे बदलांची एक नोंद) 'तुटलेला कमिट' घातलंय. चालेल का? शिवाय लॉगमध्ये (आउटपुट साठवलेल्या फाइलमध्ये) तपासणी किती झाली त्या टक्क्यांची एकच लांबलचक ओळ येते, तिचं काय करू?

जळगाव : 'तुटलेला' नको भाऊ. मुलं घाबरून अख्खी रिपॉझिटरी (गिटचा साठा) पुसतील. कमिट धडधाकट आहे, त्याला धरणारं कोणी नाही एवढंच. मी 'बेवारस' म्हणेन.

धुळे : 'बेवारस' हा 'अनरीचेबल'ला बसतो. कुठल्याच शाखेतून, टॅगमधून पोचता येत नाही ते सगळं बेवारस. कमिट आधीच्या कमिटकडे बोट दाखवतात; त्या साखळीत ज्याच्याकडे दुसरं काहीच बोट दाखवत नाही, तो वरचा एकटा 'डँगलिंग'. त्याला 'बेवारस शेंडा' म्हणा. शेंडा हाती आला की 'गिट ब्रांच', नवं नाव आणि हॅश (त्याचा ओळखक्रमांक) दिला की खालची साखळी आपोआप वाचते. 'मिसिंग'ला (असायला हवं पण साठ्यात नाही, त्याला) मात्र सरळ 'गहाळ'. खरी काळजी त्याची.

आता लॉग. टक्के त्याच ओळीवर पुन्हापुन्हा उमटतात, कारण शेवटी नवी ओळ नसते, कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परत नेणारं चिन्ह) असतो. आउटपुट टर्मिनलवर (आज्ञा टाइप करतो त्या खिडकीत) जात नसेल तर एफएसके टक्के दाखवतच नाही. म्हणजे तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठेतरी '--प्रोग्रेस' घातलेलं असणार. ते काढा, '--नो-प्रोग्रेस' लिहा.

जळगाव : स्टँडर्ड एररच (चुकांच्या संदेशांची वाट) डेव्ह-नलला (येईल ते टाकून देणाऱ्या फाइलला) पाठवला तर?

धुळे : अजिबात नको! टक्के त्याच वाटेने जातात, पण खराब ऑब्जेक्टची (गिटने साठवलेली कमिट, फाइल वगैरे वस्तू) तक्रारही तिथूनच येते. टक्क्यांबरोबर तीही जाईल. 'गहाळ' आणि 'शेंडा' स्टँडर्ड आउटपुटवर येतात. निकाल एक्झिट कोडवरून (आज्ञा संपताना देते त्या आकड्यावरून) ठरवा: नुसते शेंडे असले तर 0 येतो.

चोपडा : आणि 'चेकिंग ऑब्जेक्ट डिरेक्टरीज' या संदेशाला? 'प्रगती : 256 पैकी 256' लिहिलं होतं.

जळगाव : 'प्रगती' शाळेच्या पुस्तकात शोभते. 'सुट्या ऑब्जेक्टचे कप्पे तपासतोय' लिहा. हॅशच्या पहिल्या दोन अक्षरांवरून 00 ते एफएफ (0 ते 9 आणि ए ते एफ या सोळा चिन्हांच्या जोड्या) असे कप्पे पडतात, म्हणून 256. रिपॉझिटरी केवढीही असो, हा आकडा तोच. ऑब्जेक्ट किती, ते त्यावरून कळत नाही.