सोसायटी ग्रुप, फोंडा : तांबडी सुर्ला सहलीचे फोटो

शुभाताई (बी-२०३): रोहन, अल्बमची लिंक आहे तशी ठेवू नकोस प्लीज. मी आत्ताच बघितलं, धनेशाच्या घरट्याच्या फोटोंना लोकेशन लावलंयस. आणि ही लिंक आपल्या ग्रुपपुरती राहिलेली नाही, माझ्या बहिणीला मडगावात तिच्या योगाच्या ग्रुपवर आलीय. मादी ढोलीत स्वतःला बंद करून बसलीय, बाहेर फक्त चोचीपुरती फट, नर आणून देईल तेवढंच तिचं खाणं. तिथे दहा लोक कॅमेरे घेऊन उभे राहिले आणि नर बिचकून यायचा थांबला तर आत काय होईल ते मी लिहीत नाही.

रोहन (ए-१०४): ताई, लोकेशन सगळ्यांनीच मागितलेलं ना. नानांना रेकॉर्डसाठी पाहिजे होतं. म्हणून तर घड्याळाने नोंदवलेला वाटेचा ट्रॅक फोटोंना जोडत बसलो. माझा कॅमेरा जुना, त्यात जीपीएस नाही, सगळं नानांच्या मनगटावरच्या घड्याळावरून घेतलंय.

नाना (सी-१०१): मी मागितलं हे खरं. पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत जागेशिवाय नोंद कुणी घेत नाही, 'सुर्ल्याच्या रानात दिसला' याला अर्थ नाही. पण मी नकाशा उघडला तर धनेश धारबांदोड्याला, जिथे आपण चहा घेतला तिथे. आणि तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ त्याच्याही अलीकडे, उसगाव तिस्काला.

सागर (बी-४०१): कदंब राजांचं देऊळ तिस्काला आलं 😂 आता तांबडी सुर्लाला जायला नको, भाजी आणायला गेलं की दर्शन

सेक्रेटरी साहेब: सहलीच्या बसचे पैसे अजून पाच घरांचे बाकी आहेत. कृपया सहकार्य करावे.

सागर: साहेब इथे देऊळ हरवलंय आणि तुम्हाला बसचं पडलंय

माई (ए-१०१): मला एवढंच सांगा, माझे कुर्डयांचे फोटो पण त्यात आहेत का? बाल्कनीत काढलेले? म्हणजे आमच्या घराचा पत्ता सगळ्यांना गेला का?

रोहन: नाही माई, गेटवरच्या ग्रुप फोटोला आणि तुमच्या बाल्कनीच्या फोटोंना लोकेशन लागलंच नाही. का ते कळलं नाही. झाडी दाट होती, घड्याळाला सिग्नल मिळत नसेल.

प्राजक्ता (सी-३०२): गेटवर कसली झाडी रे.

रोहन: मग घड्याळ.

नाना: घड्याळाला नावं ठेवू नकोस. ट्रॅक मी स्वतः तपासलाय. पावणेसहाला गेटवर चालू केलं, सहा पाचला बस सुटली, देवळाकडे पायऱ्या उतरलो तिथपर्यंत रेषा बरोबर आहे.

शुभाताई: मूळ मुद्दा राहून जातोय. घरट्याचं लोकेशन काढा.

सागर: ताई, लोकेशन धारबांदोड्याचं आहे, धनेश सेफ आहे. लोक चहाच्या टपरीवर दुर्बीण लावून बसतील

शुभाताई: सागर, आज चुकलेलं आहे म्हणून सेफ आहे. उद्या रोहनने दुरुस्त करून तीच लिंक ठेवली की? तेच तर सांगतेय सकाळपासून.

प्राजक्ता: एक मिनिट सगळे. रोहन, फोटो नंबर १८७ उघड. नाना दुर्बीण धरून उभे आहेत, डाव्या मनगटावर घड्याळ दिसतंय. झूम कर. घड्याळात ८:२१. आता फोटोची माहिती बघ, कॅमेऱ्याने वेळ लिहिलीय सकाळी ६:५०:४८.

रोहन: अरे हो

प्राजक्ता: दीड तास मागे. कॅमेरा मामांनी दुबईहून आणलेला ना? दुबई आपल्या मागे दीड तास. टाइम झोन तिथलाच राहिला असणार. जोडणारा प्रोग्राम, एक्झिफटूल, काय करतो, फोटोची वेळ बघतो आणि त्याच वेळी घड्याळ कुठे होतं ते ट्रॅकमध्ये शोधतो, त्याला बाकी काही दिसत नाही. ६:५० ला आपण धारबांदोड्याला चहा पीत होतो म्हणून धनेश तिथे. देवळाचे पहिले फोटो आठला पाच कमी असताना काढले, कॅमेऱ्याच्या हिशोबाने सहा पंचवीस, म्हणजे बस तिस्काजवळ. आणि गेटचा फोटो कॅमेऱ्याच्या मते चार पंचवीसचा, तेव्हा ट्रॅक सुरूच झालेला नव्हता. एक्झिफटूल ट्रॅकच्या पुढे-मागे अर्ध्या तासापर्यंतच अंदाज करतं, त्यापलीकडे जागा लावतच नाही. माईंच्या कुर्डया पहाटे निघण्याआधीच्या, म्हणून त्या पण सुटल्या.

नाना: शाब्बास गो! म्हणजे दुपारचं जेवण जंगलात दिसणार.

सागर: दिसतंय!! सोलकढी भर रानात 😂 मला वाटलं रोहनने जाणूनबुजून ठेवलंय, इन्स्टासाठी

रोहन: मी काही मुद्दाम केलेलं नाही. रात्री बारापर्यंत बसून चारशे फोटो चढवले त्याचं कुणाला काही नाही.

प्राजक्ता: रोहन, कुणी काही म्हणत नाहीये. ट्रॅकच्या जीपीएक्स फाईलमधली वेळ कायम यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, कॅमेऱ्यात नुसते आकडे, ते कुठल्या देशाचे हे जुना कॅमेरा लिहीत नाही. एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत, टाइम झोनसाठी जागाच आली २०१६ ला. प्रोग्रामने लॅपटॉपची वेळ धरून भारतातली समजली, त्याची काय चूक.

सेक्रेटरी साहेब: तांत्रिक चर्चा वेगळ्या ग्रुपवर केल्यास बरे होईल. ए विंगसमोर परवापासून मातीचा ढीग पडला आहे, तो कोणाचा आहे हे कळवावे.

सागर: ढिगाचा फोटो काढा साहेब, लोकेशन लावून देतो

माई: ढीग आमच्या दिवाणखान्याच्या टाइल्सचा आहे, आज उचलतील, चार वेळा सांगितलंय. दरवेळी ए विंगच का दिसते?

सेक्रेटरी साहेब: माई, मी सर्वांना विचारले आहे, आपल्याला नाही.

शुभाताई: घरट्याचं लोकेशन काढा. चौथ्यांदा लिहितेय.

नाना: शुभा, तुझं म्हणणं बरोबर आहे. पण नोंद मला अचूकच लागेल. त्या झाडाच्या आसपास रस्ता-खांब काही आलं तर 'इथे धनेश वीण करतो' असं सांगायला हातात काय असणार? फोटो, तारीख, जागा. ती जागा चहाच्या टपरीची निघाली तर समोरचा हसून कागद परत देईल आणि मग खऱ्या नोंदींवरही विश्वास ठेवणार नाही.

शुभाताई: नाना, तुमच्या वहीत अचूक असू दे की. मी वहीबद्दल बोलतच नाहीये. लिंकबद्दल बोलतेय. तुमच्याकडे पूर्ण माहिती, लिंकवर काहीच नाही, एवढं साधं आहे.

प्राजक्ता: मला पण हेच पटतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर सुद्धा धोक्यातल्या प्रजातीचं नेमकं ठिकाण लोकांना दिसत नाही, ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी असं दाखवतात, म्हणजे साधारण २० किलोमीटरच्या पट्ट्यात. आत रेकॉर्ड बरोबर राहतं.
आणि माई, आता तुमचा विषय खरा होणार. वेळ दुरुस्त केली की ट्रॅक सुरू होण्याच्या अर्धा तास आधीपासून बस सुटेपर्यंतचे सगळे फोटो गेटवर चिकटतील, तुमच्या कुर्डयांसकट.

माई: मग नकोच गो ते.

रोहन: ओके. दीड तास पुढे करतो आणि परत चालवतो.

प्राजक्ता: थांब, नुसता दीड तास नको. कॅमेऱ्याचं घड्याळ काही सेकंद मागे-पुढे पण असेल. चालताना एका मिनिटात आपण साठ-पासष्ट मीटर जातो, बसमध्ये अर्ध्या किलोमीटरच्या वर. झाड चुकेल. आत्ता नानांकडे जा, घड्याळात सेकंद दिसतील असा स्क्रीन लाव आणि त्याच कॅमेऱ्याने फोटो काढ. कॅमेऱ्याची वेळ अजिबात बदलू नकोस तोपर्यंत!! बदललीस तर फरक हरवला.

सागर: रात्री दहाला नानांकडे. नानी चहा देतील का

नाना: ये ये. तू पण ये, येताना बसचे पैसे घेऊन ये, साहेबांना शांती मिळेल.

सेक्रेटरी साहेब: 🙏

रोहन: काढला. घड्याळात २२:१४:३६, कॅमेऱ्याने लिहिलं २०:४३:५८.

प्राजक्ता: म्हणजे १ तास ३० मिनिटं ३८ सेकंद. १८७ नंबरशी पण जुळतंय. एक्झिफटूलमध्ये वेळेचा फरक टाकायला जिओसिंक आहे, त्यात अधिक १:३०:३८ टाक. ते चालवताना मूळ फाईलची कॉपी शेवटी _ओरिजिनल नाव लागून राहते, ती डिलीट करू नकोस. पुढच्या वेळी निघताना पहिला फोटो घड्याळाचाच काढायचा.

(अर्ध्या तासाने)

रोहन: झालं. देऊळ देवळावर. सोलकढी हॉटेलात. धनेश ओढ्याच्या पलीकडे, नाना म्हणतात झाड तेच.

नाना: तेच. मी ट्रॅकवर थांबलेलो तो ठिपका आणि फोटो एकाच जागी आलेत. झाडीखाली पाच-दहा मीटर इकडे-तिकडे असेल, वहीला चालतं. देव बरें करूं रे बाबा.

शुभाताई: रोहन, जुनी लिंक?

रोहन: जुनी बंद केली ताई. नवीन लिंकवर चढवायच्या आधी सगळ्या फोटोंमधलं जीपीएस पुसलं, फक्त घरट्याच्या नाही. घरट्याचा लांबून काढलेला एकच फोटो ठेवलाय. पूर्ण माहितीवाला फोल्डर पेनड्राइव्हवर नानांकडे.

सागर: मी तर फोटो व्हॉट्सॲपवर पण टाकलेत, त्यात काय?

प्राजक्ता: साधा फोटो म्हणून टाकले असतील तर व्हॉट्सॲप लोकेशन काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून टाकले असतील तर तसंच जातं. कसे टाकलेस?

सागर: क्वालिटी जाते म्हणून डॉक्युमेंट 😬

शुभाताई: सागर!!! कुठे?

सागर: ऑफिसच्या ट्रेकिंग ग्रुपवर. पण ते धारबांदोडावालेच होते ताई. डिलीट फॉर एव्हरीवन करतो, होतंय का बघतो.

शुभाताई: बघतो नको, कर. आणि ज्यांनी जुने डाउनलोड केलेत त्यांनी पण पुढे पाठवू नका. मी नवीन लिंकवरून तीन फोटो उतरवून माहिती उघडून बघितली, लोकेशन नाही. आता मडगावच्या ग्रुपवर बहिणीला नवीन लिंक टाकायला सांगते, जुनी उघडतच नाहीये तिथे, चांगलं झालं.

माई: माझ्या कुर्डया गेल्या का यात?

रोहन: फोटो आहे माई, पत्ता नाही.

सागर: डिलीट झालं. दोघांनी उघडला होता, त्यांना पर्सनली सांगितलंय, एकाने विचारलं धारबांदोड्याला खरंच धनेश येतो का

नाना: त्याला माझा नंबर दे, मी बोलतो.