मदत हवी आहे: आर्सेनलचा एकच सर्वांत लाडका खेळाडू, जर्सीवर कोणाचं नाव टाकू?

लोकोशेडवाला (भुसावळ)

मंडळी, हसायचं असेल तर हसून घ्या, पण सल्ला द्या. शुक्रवारपर्यंत यादी जळगावच्या प्रिंटिंगवाल्याकडे पोचवायची आहे. सगळ्यांची नावं आली, माझ्यापुढची जागा तेवढी कोरी आहे.

प्रकरण असं. रेल्वे कॉलनीतली आमची जुनी फुटबॉलची टोळी दर हिवाळ्यात एकदा जमते. सकाळी मॅच, दुपारी यावल रोडच्या एका शेतात भरीत पार्टी. वांगी बामणोदचीच हवीत हा नियम मॅचच्या नियमांपेक्षा कडक आहे. यंदा कुणाच्या तरी डोक्यात आलं की प्रत्येकाने आपापल्या आवडत्या क्लबची जर्सी घालायची आणि पाठीवर त्या क्लबचा आपला सार्वकालिक लाडका खेळाडू. एकच नाव. वर जेवायला बसण्याआधी उभं राहून सांगायचं की हाच का. मॅन युनायटेडवाल्यांनी दोन मिनिटांत नावं टाकली. आमचा एक मित्र ईस्ट बंगालवाला, बायचुंग लिहून मोकळा झाला. मी मात्र अडकलोय.

आर्सेनल बघायला लागलो ते केबलवर ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्स यायचं तेव्हापासून. शनिवारी रात्री साडेआठची मॅच, आणि मध्येच भारनियमन. त्यामुळे बऱ्याच मॅचचा निकाल मला दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलेला आहे. म्हणून पहिली अट मीच घातली: जो आपण स्वतः खेळताना बघितला नाही तो यादीत नाही. लियाम ब्रेडी गेला, रोकॅसल गेला. १९८९ साली लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर शेवटच्या मिनिटाला गोल मारून लीग जिंकून देणारा मायकेल थॉमसही गेला. तो गोल मी पुढे शंभरदा बघितला असेल, पण व्हिडिओवरचं प्रेम वेगळं.

दुसरी अट मनात आहे, पण नीट मांडता येत नाही. 'सर्वांत भारी' आणि 'सर्वांत लाडका' हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मला वाटतं. सर्वांत भारी विचारलं तर वादच नाही, थिएरी हेन्री. २२८ गोल, क्लबचा विक्रम. रेआल माद्रिदच्या मैदानावर २००६ मध्ये चौघांना मागे टाकून मारलेला तो गोल बघून मी रात्री सव्वादोनच्या सुमारास ओरडलो होतो आणि शेजारच्या काकूंना वाटलं घरात चोर शिरला. पण २००७ मध्ये तो बार्सिलोनाला गेला तेव्हा माझं काहीतरी तुटलं ते तुटलंच. २०१२ मध्ये परत येऊन लीड्सविरुद्ध गोल मारला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ते पूर्ण सांधलं नाही.

टोनी अ‍ॅडम्सबद्दल आदर आहे. आयुष्यभर एकच क्लब, तीन वेगवेगळ्या दशकांत कप्तान म्हणून लीग जिंकली. पण मी बघायला लागलो तेव्हा त्याचे शेवटचे दिवस होते. व्हिएराचं नाव चार दिवस यादीत राहिलं. २००५ च्या एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) फायनलमध्ये मॅन युनायटेडविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारली आणि आर्सेनलसाठी तीच त्याची शेवटची किक ठरली. यापेक्षा झकास निरोप काय असणार? पण तरी नाही. का नाही ते विचारू नका.

राहिले दोन. डेनिस बर्गकॅम्प आणि गिल्बर्टो सिल्वा.

बर्गकॅम्पबद्दल सांगायची गरज नाही. मार्च २००२ चा न्यूकॅसलविरुद्धचा गोल आठवा. पिरेसचा पास आला, याने पहिल्याच स्पर्शात चेंडू बचावपटूच्या एका बाजूने सोडला आणि स्वतः दुसऱ्या बाजूने गिरकी घेऊन पुन्हा त्याच्यापाशी हजर. बिचारा डाबिझास मध्ये उभाच्या उभा. १९९५ मध्ये इंटर मिलानमधून आला तेव्हा प्रशिक्षक वेंगर अजून यायचा होता, म्हणजे नवीन आर्सेनलची पहिली वीट हाच.

आणि गिल्बर्टो. इथेच आमचे लोक हसतात. 'अरे, तो काय करायचा?' मी स्वतः रेल्वे ग्राउंडवर त्याच जागी खेळत आलोय, बचावफळीच्या पुढे. तिथे चांगलं खेळलं की कुणाच्या लक्षात येत नाही, चुकलं की सगळं गाव बोलतं. २००३-०४ ची, लीगमध्ये एकही मॅच न हरलेली अजिंक्य टीम म्हटली की लोक हेन्री, पिरेस, बर्गकॅम्प, लुंगबर्ग सांगतात. ते सगळे एकदम वर धावून जायचे तेव्हा मागे कोण उभा असायचा? ४९ लीग सामने न हरण्याची ती मालिका ऑक्टोबर २००४ मध्ये मॅन युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर तुटली, तेव्हा गिल्बर्टो पाठीच्या दुखापतीने बाहेर होता. तेवढ्यामुळेच हरलो असं मी म्हणत नाही (त्या दिवशीच्या पेनल्टीबद्दल बोलायला लागलो तर धागा भरकटेल), पण त्याच्याशिवाय आमचा मधला भाग त्या वर्षी उघडा पडला हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तर सांगा, काय करू? उभं राहून कारण सांगायचं आहे हे लक्षात ठेवा. 'मला आवडतो' एवढ्यावर ही मंडळी पुरी वाढणार नाहीत.

---

केळीचाघड (सावदा)

यात विचारायचं काय? हेन्री. सात मे २००६, हायबरीवरची, म्हणजे क्लबच्या जुन्या मैदानावरची शेवटची मॅच, विगनविरुद्ध हॅट्ट्रिक आणि तिसऱ्या गोलनंतर गुडघ्यावर बसून मैदानाला ओठ टेकवले. ज्या माणसाने जुन्या घराला असा निरोप दिला त्याला तुम्ही 'गेला' म्हणून वगळता? गेले तर सगळेच. गिल्बर्टो पण पानाथिनाइकोसला गेलाच की २००८ मध्ये.

---

लाल_सैतान_धुळे

मी विरोधी पार्टीचा, म्हणजे मॅन युनायटेडवाला, तरी बोलतो. बर्गकॅम्प टाका भाऊ, आम्हाला आनंद होईल. १४ एप्रिल १९९९, व्हिला पार्क, एफए कप सेमीफायनलची रिप्ले, इंजुरी टाइममध्ये पेनल्टी. ती गोलात गेली असती तर तुम्ही फायनलला आणि आमची तिहेरी कामगिरी (एकाच हंगामात लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग) पाण्यात. आमच्या गोलकीपरने, श्मायकेलने, अडवली. पुढे आमच्या गिग्जने विजयी गोल कसा मारला ते सांगत नाही, तुमचं जेवण बिघडायला नको. तुमच्या या माणसाचे आमच्यावर फार उपकार आहेत.

---

लोकोशेडवाला (भुसावळ)

@लाल_सैतान_धुळे, वाटच बघत होतो, अजून कसं कोणी मीठ चोळलं नाही. गंमत म्हणजे त्या पेनल्टीमुळे बर्गकॅम्प मला उलट जास्त जवळचा झाला. त्यानंतर त्याने आर्सेनलसाठी परत पेनल्टी घेतलेली मला तरी आठवत नाही.

@केळीचाघड, गिल्बर्टो गेला हे खरं. पण कसा गेला ते बघा. २००६-०७ मध्ये हेन्री बराच काळ जखमी, कप्तानी याने केली, लीगमध्ये १० गोल मारले, तेही बचावात्मक मिडफिल्डरने. पुढच्या हंगामात हेन्री नाही, सगळ्यांना वाटलं कप्तानपद याचं. ते दिलं गॅलसला. वर जागाही फ्लामिनीने घेतली. कुठे आदळआपट नाही, बराच काळ बाकावर बसला, मग गेला. असं जाणं मला चालतं.

---

अहिराणी_मंडई

भाऊ, इतला इचार कसाले करी ऱ्हायना? तुना मनमा जो शे त्येनं नाव लिखी टाक. भरीत थंड व्हई जाई तठलोंग!

---

साका_सेव्हन

काका, तुमच्या यादीत २००८ नंतरचा एकही माणूस नाही. सार्वकालिक म्हणजे फक्त तुमचा काळ का? साका लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला आहे. डेक्लन राइसने एप्रिल २०२५ मध्ये रेआल माद्रिदला एकाच मॅचमध्ये दोन फ्री किक घातल्या, ३-०. तुमच्या गिल्बर्टोच्याच जागेचा माणूस आहे म्हणा हवं तर. तुमचं म्हणणं 'जो बघितला तोच' असं असेल तर आम्ही हेच बघतोय.

---

लोकोशेडवाला (भुसावळ)

@साका_सेव्हन, तुझं बरोबर आहे, तू तुझ्या जर्सीवर साकाच टाक. त्या दोन फ्री किक मी पण उभं राहून बघितल्या. पण चालू खेळाडूला लाडका ठरवायला मी घाबरतो. उद्या तो कुठे गेला तर जर्सीचं पोतेरं करावं लागेल. (पाच नंबरच्या एका जुन्या जर्सीने आमच्या घरी फरशी पुसली जाते. नाव विचारू नका.)

---

नंदुरबारची_मिरची

दादा, मला फुटबॉलमधलं थोडंच कळतं, भावामुळे बघते. पण तुमचं लिखाण दोनदा वाचलं. बर्गकॅम्पचा परिच्छेद तुम्ही एका गोलात संपवला आणि 'सांगायची गरज नाही' म्हणालात. गिल्बर्टोसाठी वकिली केलीत. जो सगळ्यांना माहीत आहे त्याच्यासाठी उभं राहून काय बोलणार? आणि बर्गकॅम्पचं नाव मग सोडवत का नाही तुम्हाला? त्याच्यामागे अजून कोणी आहे का? आगाऊपणा वाटला तर सोडून द्या.

---

तापीकाठचा

मिरचीताईंना +१. शिवाय बर्गकॅम्पवर भुसावळचा हक्क आहे हे अजून कोणी कसं बोललं नाही? हा माणूस विमानात बसायचा नाही! १९९४ च्या वर्ल्डकपच्या वेळी विमानप्रवासात धसका घेतला आणि पुढे उडणं कायमचं बंद. युरोपातल्या मॅचला टीम विमानाने, आणि हे साहेब जमेल तिथे गाडीने नाहीतर रेल्वेने. लांबची असली तर मॅचच नाही. जंक्शनच्या गावाने अशा माणसाला सोडून ब्राझीलवाल्याच्या मागे जावं?

---

लोकोशेडवाला (भुसावळ)

मंडळी, दोन दिवस प्रतिसाद दिला नाही, माफ करा. सेकंड शिफ्ट होती.

@नंदुरबारची_मिरची, आगाऊपणा कसला, तुम्ही बरोबर नाडी धरली. आमचे नाना, म्हणजे वडील, लोको शेडमधून रिटायर झाले. फुटबॉल त्यांना कधी कळला नाही, ऑफसाइड अजूनही 'लबाडी' वाटते. पण मी मॅच लावली की बाजूला बसायचे. बर्गकॅम्प विमानात बसत नाही, रेल्वेने जातो हे मी एकदा सांगितलं, तेव्हापासून आर्सेनलमध्ये त्यांचा एकच खेळाडू. 'तो रेल्वेवाला खेळतोय का आज?' युरोपातली बाहेरची मॅच असली आणि तो टीममध्ये नसला की म्हणायचे, 'गाडी लेट असेल.' तेव्हा @तापीकाठचा, तुमचा मुद्दा आमच्या घरात वीस-पंचवीस वर्षं जुना आहे.

तर बर्गकॅम्प नानांचा आहे. मी त्यांचा खेळाडू घेऊन उभा राहणार नाही.

गिल्बर्टोसाठी काय बोलायचं ते काल शिफ्टमध्ये जुळवलं. आईच्या आजारपणामुळे पोरवयात फुटबॉल सोडून खायच्या गोड गोळ्यांच्या कारखान्यात कामाला गेला, मग परत आला. २००२ च्या वर्ल्डकपआधी ब्राझीलच्या कप्तानाचा, एमरसनचा, सरावात गोलकीपिंगची मजा करताना खांदा निखळला, त्याच्या जागी हा खेळला आणि जगज्जेता होऊन परतला. त्याच ऑगस्टमध्ये आर्सेनलला आला, पहिल्याच मॅचला बाकावरून उठून लिव्हरपूलविरुद्ध विजयी गोल. दीडेक महिन्यात पीएसव्हीविरुद्ध सुमारे २० सेकंदांत गोल, तेव्हाचा चॅम्पियन्स लीगमधला सर्वांत जलद. २००६ मध्ये एमिरेट्स स्टेडियम झालं, तिथल्या पहिल्या लीग मॅचमध्ये अॅस्टन व्हिलाची टीम पुढे होती, आर्सेनलचा त्या मैदानावरचा पहिला लीग गोल यानेच मारून बरोबरी केली. 'तो काय करायचा' विचारणाऱ्यांना एवढं पुरे. बाकीचं मॅचमध्ये दाखवीन, गुडघ्याने साथ दिली तर.

नाव ठरलं: गिल्बर्टो, १९. नानांसाठी एक वेगळी, बर्गकॅम्प, १०, एम साइज. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता धाग्याचा विषय बदलतोय पण राहवत नाही. प्रिंटिंगवाला विचारतोय सबलिमेशन (शाई कपड्यातच उतरवणं) करू की विनाइल (कापलेली अक्षरं गरम प्रेसने चिकटवणं)? लाल जर्सी, पांढरी अक्षरं. कुणी केलंय का? आपल्याकडच्या उन्हात आणि धुण्यात काय टिकतं?

---

केळीचाघड (सावदा)

हेन्रीला न्याय मिळाला नाही, निषेध नोंदवतो.

प्रिंटिंगचं सांगतो, पोराच्या शाळेच्या टीमच्या करून घेतल्यात. तयार लाल कपड्यावर सबलिमेशनने पांढरं अक्षर उमटतच नाही, ती शाई कपड्याच्या रंगात मिसळते, ते हलक्या रंगाच्या पॉलिस्टरवरच करायचं असतं. तुम्हाला विनाइल नाहीतर डीटीएफ (फिल्मवर छापून कपड्यावर उतरवणं) घ्यावं लागेल. विनाइल घेतलं तर प्रेस नीट गरम झालंय का ते उभं राहून बघा, घाई केली की अक्षराचे कोपरे आधी सुटतात. धुताना जर्सी उलटी करा, थंड पाणी, ब्रश नको, आणि छापावरून इस्त्री चुकूनही नको. वाळत सावलीत घाला. नानांच्या जर्सीला एम ऐवजी एल सांगा, थंडीत आत स्वेटर लागेल त्यांना.