डब्यातला दाण्याचा कूट आणि वर्गातलं एक मूल

अनुची आई: "एका पोरासाठी अख्ख्या वर्गानं शेंगदाणे का सोडायचे? आमच्या वेळी असली थेरं नव्हती." सांगलीकर, तुमची कालची ही पोस्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते. मुलगी पहिलीत असताना कुणाच्या तरी वाढदिवसाची चिक्की वर्गात वाटली. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, आवाज घोगरा झाला. बाईंना वाटलं पित्त उठलं, त्यांनी आमसुलाचं पाणी चोळलं. दवाखाना समोरच होता म्हणून पोर वाचली. ही थेरं आहेत?

सांगलीकर: ताई, वाईट वाटलं. पण आमच्याकडं कुटाशिवाय डबा होतो का? काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, पालकाची पातळ भाजी, उपासाची साबुदाण्याची खिचडी. गरिबाच्या पोराला बदाम परवडत नाहीत, दाणेच परवडतात. तेही काढून घ्यायचे?

अनुची आई: बंद करा असं मी कुठं म्हटलं? डबा झाल्यावर सगळ्यांनी साबणानं हात धुवावेत, सॅनिटायझरनं दाण्याचा अंश जात नाही. एकमेकांच्या डब्यात हात घालू नये. आणि वर्गात खाऊ वाटण्याआधी मला एक फोन करावा. बस.

बालरोगवाला: "आमच्या वेळी नव्हतं" म्हणणाऱ्यांनो, तेव्हाही असेल, नाव नव्हतं. आवाज बदलला, धाप लागली की अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, लगेच. परदेशात पालक त्याचं तयार पेन दप्तरात ठेवतात, आपल्याकडं ते सहज मिळत नाही. साधी कुपी स्वस्त आहे, पण ती शाळेत भरून टोचणार कोण? आणि घाण्याचं शेंगतेलही अशा मुलांना चालत नाही, हे स्वयंपाकघरात कुणी सांगतं का?

जि.प. मास्तर: डॉक्टर, सुई मास्तरनंच टोचायची का? जनगणना आम्ही, निवडणूक आम्ही, तांदळाचा हिशेब आम्ही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, पोरं त्या दिवशी हमखास यायची. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्याचे पैसे थांबवले आणि लोकवर्गणी काढा म्हणाले. आमच्या वाडीत वर्गणी देणार कोण, ऊसतोडीला गेलेले आईबाप?

माळकरी: बंद झालं ते बरंच झालं. आमच्या घरात माळ आहे. एकाच चुलीवर अंडी उकडलेली आम्हाला नको होती.

जि.प. मास्तर: तुमच्या पोराला केळं मिळत होतं की! दुसऱ्याच्या ताटातलं अंडं का काढलंत? माझ्या वर्गातली निम्मी पोरं सकाळी कोरा चहा पिऊन येतात.

माळकरी: आवाज चढवू नका. श्रद्धा आमची आहे, तुम्ही ठरवणार नाही.

सांगलीकर: मास्तरांचं बरोबर आहे. अंडं मिळालंच पाहिजे.

अनुची आई: सगळे अंड्यावर भांडताय, तर एक विचारते. मास्तर, अंडं कोण खातं, केळं कोण खातं याची यादी तुम्ही केलीत. अंडं कुणाला बाधतं, हे त्यात विचारलं होतं?

जि.प. मास्तर: ...नाही. तो रकानाच नव्हता. पण विचारायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

माळकरी: एवढं मलाही पटतं. श्रद्धेसाठी केळं ठेवता, मग जिवासाठी वेगळं ताट ठेवायला काय हरकत आहे?

सांगलीकर: ताई, "थेरं" हा शब्द मागे घेतो. कूट मात्र बंद करणार नाही, हे आत्ताच सांगतो. पोरीच्या वर्गात कुणाला दाणे बाधतात का, ते सोमवारी बाईंना विचारतो. कुणी निघालंच, तर खिचडी घरी खाईल, शाळेत पोळीभाजी नेईल.

अनुची आई: भाजीत कूट?

सांगलीकर: ...ओलं खोबरं घालायला सांगतो.