खैरीतून नदीत पाणी सोडायचं तर कसं? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-२०३: मे महिन्यात नळाची धार बारीक होते अन् इकडे काही लोक म्हणून राहिले, पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी धरणातून खाली पेंच नदीत पाणी सोडा, माशांसाठी. हे वाया घालवणं नाही का? बी-३०४ काका, तुम्ही तर धरणावरच होते. सांगा बरं.

बी-३०४: आधी हिशेब. १ क्युमेक म्हणजे सेकंदाला १,००० लिटर. दिवसाचे झाले ८६,४०० घनमीटर. २ क्युमेक विसर्ग फेब्रुवारी ते मे, १२० दिवस अखंड ठेवला तर २०.७ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. खैरीच्या वरच्या तोतलाडोह धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १,०१७ दलघमी, नवेगाव खैरीचा १४२. म्हणजे तोतलाडोह भरलं त्या वर्षी २ टक्के, पण एकट्या खैरीवर टाकलं तर जवळपास १५ टक्के. म्हणून हे पाणी तोतलाडोहच्या खात्यात धरायचं.

ए-२०३: अन् भरलंच नाही तर? वर मध्य प्रदेशात चौराई धरण झालं आहे, पाणी तिथेच अडतं.

बी-३०४: तर कमी सोडायचं. आकडा पक्का बांधू नये, पावसाळा सरल्यावरच्या, १५ ऑक्टोबरच्या साठ्याशी जोडावा. गंगेच्या वरच्या भागासाठी केंद्राने २०१८ मध्ये नियम केला, तो येव्यावर, म्हणजे वरून येणाऱ्या पाण्यावर आहे: मागच्या दहा दिवसांच्या सरासरी प्रवाहाच्या नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर-एप्रिल-मेमध्ये २५ टक्के, पावसाळ्यात ३० टक्के. तो जसाच्या तसा इथे आणला तर मे महिन्यात येवाच नसतो, मग शून्याचे २५ टक्के किती? हिमालयातल्या नदीचं माप आपल्या पठारी नदीला लागू होत नाही.

सी-५०१: काका, किती सोडता त्यापेक्षा कसं सोडता यावर मासे जगतात. आठ दिवसांनी एकदा १५ क्युमेक सोडून बंद करण्यापेक्षा रोज २ क्युमेक चांगले. उन्हाळ्यात मासा धारेत नसतो, डोहात असतो. डोहाला हवी असते थोडी पण न तुटणारी आवक. ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटर मावतो, ३५ अंशांना सातच्याही खाली. मासेमारी आणि वन्यजीवांसाठी केंद्रीय प्रदूषण मंडळाचा निकष किमान ४ आहे. साचलेल्या डोहात शेवाळ असलं की दुपारी आकडा छान दिसतो आणि पहाटे २ वर येतो. म्हणून मोजायचं तर सूर्योदयाआधी. मरळ वर येऊन हवा घेते, ती तगते. रोहू, कतला, मृगळ पहाटे तोंड वर काढून तडफडतात.

डी-१०१: पहिल्या दिवशी सोडलेलं पाणी खाली पोचतच नाही, सगळं रेती पिऊन टाकते.

बी-३०४: पिणारच. २५ किमी पात्र, १०० मीटर रुंद, १ मीटर कोरडी रेती, पोकळी ३० टक्के धरा. साडेसात लाख घनमीटर झाले. २ क्युमेकने ते भरायलाच चार-साडेचार दिवस. मध्येच बंद केलं की रेती पुन्हा वाळते आणि हा भुर्दंड पुन्हा पहिल्यापासून. पात्र वाळण्याआधी, जानेवारीअखेरच विसर्ग सुरू करा, हा खर्च वाचतो.

त्याहून मोठी गळती मोटारींची. ५ अश्वशक्तीची मोटार साधारण २० मीटर उचलीला सेकंदाला १० लिटर ओढते. काठावर २०० मोटारी एकाच वेळी चालल्या की तुमचे २ क्युमेक संपले. वीज ज्या तासांत असते त्याच तासांत नदी तुटते. शेतीचं आवर्तन कालव्याने त्याच आठवड्यात दिलं तर मोटारी आपोआप कमी चालतात. पोलिस लावून हे होत नाही.

ए-२०३: मग दरवाजा थोडासा उचलला की झालं ना?

बी-३०४: तिथेच घोळ आहे. १२ मीटर रुंदीचा वक्राकार दरवाजा, उंबरठ्यावर ६ मीटर पाणी. २ क्युमेकसाठी तो जेमतेम अडीच सेंमी उचलावा लागतो. एवढ्याशा फटीत दरवाजा थरथरतो, खालचं रबर सील फाटतं, एखादं ओंडकं अडकलं की नीट बसतही नाही. सांडव्याचे दरवाजे पुरासाठी असतात. बारीक विसर्गाला वेगळा पाइप आणि टोकाला हॉवेल-बंगर झडप हवी. ती पाणी शंकूसारखं हवेत फेकते, पाण्याचा जोर मोडतो आणि प्राणवायूही मिसळतो. ती नसेल तर कालव्याच्या एस्केपमधून, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायच्या दारातून, नाल्यात आणि नाल्यातून नदीत. फक्त त्या नाल्यात सांडपाणी नाही आणि काठ खचत नाही, हे आधी बघायचं.

सी-५०१: खोल विमोचकातून, म्हणजे धरणाच्या तळाजवळच्या दारातून सोडत असाल तर आधी तपासा. उन्हाळ्यात तळाचं पाणी गार असतं, प्राणवायू जवळजवळ नसतो, कधी सडक्या अंड्याचा वास येतो. तो आला की थेट नदीत सोडू नका.

बी-४०२: पक्ष्यांचंही मांडते. नदीसुरय आणि आर्ली मार्च ते मे उघड्या रेतीवर अंडी घालतात, पाण्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर. मार्चमध्ये पाणी कमी ठेवलं, पक्ष्यांनी खाली घरटी केली, आणि एप्रिलमध्ये पातळी फूटभर वाढली की सगळी बुडतात. म्हणून वाढवायचं ते फेब्रुवारीतच. पुढे तीच पातळी मेअखेरपर्यंत. ढीमर बांधवांच्या डांगरवाड्याही (टरबूज-खरबुजाच्या वाड्या) त्याच रेतीवर असतात. त्यांना लागवडीआधी पातळी दाखवून द्या, खुंटी ठोकून.

डी-१०१: अमेरिकेत ग्लेन कॅन्यन धरणातून मुद्दाम पूर सोडतात म्हणे. आपण काहून नाही?

बी-३०४: १९९६ मध्ये सोडला, ४५,००० क्युसेक (सेकंदाला घनफूट), म्हणजे सुमारे १,२७५ क्युमेक, सात दिवस. रेतीचे काठ उभे राहिले आणि पुढे बरेचसे वाहून गेले, कारण धरणाखाली नवी रेती येतच नाही. म्हणून २०१२ पासून उपनदीने रेती आणली की मगच सोडतात. आपल्याकडे रेती घाटावरून ट्रकने जाते, तिथे पूर सोडून काय उभं करणार?

सी-५०१: रेतीसाठी नको, पण विणीसाठी पावसाळ्यात एक छोटा पूर हवाच. रोहू-कतला-मृगळ पाणी चढल्याशिवाय, गढूळ झाल्याशिवाय वीण करत नाहीत. जून-जुलैत धरण सगळा येवा अडवून भरून घेतं, खाली नदीला पावसाळा लागल्याचं कळतच नाही. ऑगस्टमध्ये एकदम दरवाजे उघडले तोवर हंगाम सरत आलेला. २७-२८ अंशांना अंडी १५-१८ तासांत फुटतात, पिल्लं त्यानंतरही काही दिवस वाहत राहतात. पाणी लगेच उतरवलं तर ती काठच्या खळग्यांत अडकून मरतात.

बी-३०४: मग असं मांडा. जुलैत येवा सुरू झाला की अर्ध्या दिवसात ४० क्युमेकपर्यंत न्या, ४८ तास तिथेच ठेवा, मग तीन दिवसांत उतरवा. एकूण १३ दलघमीच्या आसपास. चढवताना सायरन आणि दवंडी, गुरं-माणसं पात्रात असतात. उतरवताना ताशी २.५ ते ५ सेंमी. अमेरिकेतल्या सामन माशांच्या नद्यांवर साधारण हेच माप पाळतात.

सी-५०१: आणि खालच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) त्याआधी काढलेले असावेत. ते तसेच राहिले तर मासा वर चढणार कुठून? सोडलेलं पाणी फुकट.

ए-२०३: पटलं. पण खरंच २ क्युमेक आले हे आपल्याला कसं कळणार? कागदावर काहीही लिहितील.

बी-३०४: सरळ पात्र बघून २० मीटर मोजा. संत्रं टाका. ते पाण्यात बरंचसं बुडून तरंगतं, वारा लागत नाही. ४० सेकंद लागले तर वेग अर्धा मीटर. वरचा वेग जास्त असतो, म्हणून ०.८५ ने गुणा. रुंदी १२ मीटर, सरासरी खोली ४० सेंमी असेल तर १२ × ०.४ × ०.४२५ = २.०४ क्युमेक. तीन ठिकाणी संत्री टाकून सरासरी घ्या. पुलाच्या खांबावर पातळीपट्टी रंगवलेली असली की रोज एवढं करायची गरज नाही.

बी-४०२: मग निवेदन कधी द्यायचं?

बी-३०४: कालवा सल्लागार समितीच्या रब्बीच्या बैठकीआधी. साठ्याचं वाटप तिथे ठरतं, त्यानंतर सगळं पाणी कोणाच्या तरी नावावर लागलेलं असतं. ‘मासे वाचवा’ एवढंच लिहू नका. दलघमी, तारखा, कोणत्या द्वारातून आणि मोजणी कुठल्या पुलाशी, हे चार रकाने भरून द्या.