उडते रोहित (फ्लेमिंगो), बलाक (स्टॉर्क), बगळे: तुमचे फोटोचे अनुभव लिहा

थंडी पडली की रविवारी पहाटे अर्धं पुणं सोलापूर रोडला लागतं, भिगवणला. तर उडणारे मोठे पाणपक्षी कुणाला कसे सापडले ते इथे सांगा, नुसती सेटिंग नकोत. माझं आधी लिहितो. कुंभारगावला बोटीत बसलं की कधीकधी नावाडी विचारतो, "फ्लेमिंगो उडवू का साहेब?" सरळ नको म्हणायचं. एक तर त्यांना त्रास, आणि हाकललेला थवा आपल्यापासून लांबच पळतो, मग काढा शेपट्यांचे फोटो.

*

+१. आमचे नावाडी मामा तर आधी वारा बघतात. रोहित जागच्या जागी उडत नाही, पाण्यावर धावत धावत उठतो आणि तेही वाऱ्याकडे तोंड करून, त्यामुळे वारा आपल्या पाठीवर येईल अशी बोट लांबच लावायची, इंजिन बंद, आणि गप्प बसायचं. दोन-तीन आपणहून उठले, पायांची टपटप, मागे पाण्यावर ठिपक्यांची रांग, आणि पंख उघडले की आतला तो लाल-काळा रंग, अहाहा! ऊनही पाठीशी असेल तर सोन्याहून पिवळं.

*

चित्रबलाक पंख सावकाश मारतो, शटर १/१६०० सेकंद भरपूर झालं. खरी गोची एक्स्पोजरची, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा त्याची. मागे काळपट पाणी असलं की पांढरी पिसं पार पांढरीफट्ट होतात, तोच पक्षी आभाळात गेला की काळा ठिक्कर. दर वेळी चाक फिरवत बसलं तर पक्षी गेलेला असतो, म्हणून मी एक्स्पोजर मॅन्युअलच, एकदाच हाताने लावून ठेवते, ऊन तेच असेल तर मागे काहीही येवो.

*

दरवेळी भिगवण कशाला, पुण्याजवळ नदीवरचं कवडीपाट आहे की. राखी बगळे अगदी जवळून जातात. बगळा मान आखडून उडतो, बलाक आणि रोहित ताणून, त्यामुळे त्यांना फ्रेममध्ये पुढे जास्त जागा सोडा नाहीतर चोच कापली जाते. बाकी तिथे प्लास्टिकच्या पिशव्या टाळता टाळता नाकी नऊ येतात ते वेगळं.

*

@ताई, मॅन्युअलचं पटलं. एक अॅड करतो, निघायच्या आधी तिकडे फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारा. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी घालून गाळून खातात, उजनी (भिगवणचं पाणी याच धरणाचं) काठोकाठ भरलेली असली तर त्यांचं तिथे काय काम?

*

आमच्या इंदापूरला या राव! चिंचेवर चित्रबलाकांची घरटी असतात, तोंडात काड्या घेऊन येणारे डोक्यावरूनच जातात, आणि ऊन तापलं की पंख न हलवता गरम हवेवर गोल गोल वर चढतात. फक्त झाडाखाली उभं राहायचं असेल तर टोपी घाला.

*

आणि लेन्सवर फडकं.