एकच तार बदलू नका

शिडाच्या २२ फुटी जुन्या बोटीच्या डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांपैकी डावीकडच्या एका तारेत तुटका धागा सापडला, तेवढीच तार बदलली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: नको. बाकीच्या तारांनीही तेवढेच पावसाळे खाल्लेत. खाऱ्या पाण्यातल्या बोटीच्या तारा १०-१५ वर्षांनी बदलाव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे. आधीच्या मालकाला साल सांगता येत नसेल, तर जुन्याच धरा.

तार बहुतेक मधे तुटत नाही, टोकाला तुटते. विशेषतः खालच्या टोकाला, कारण दाबून बसवलेल्या नळीत पाणी उतरतं आणि तिथंच मुरतं. भिंग घेऊन त्या नळीवर केसाएवढी उभी चीर दिसते का बघा. तारेवरून जुना सुती कपडा फिरवा, तुटका धागा त्यात अडकतो. हात फिरवू नका, मी फिरवलाय.

नवीन घेताना ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची, १९ धाग्यांची घट्ट पिळाची तार घ्या. मांडवाला ताण देतात ती लवचिक दोरतार स्वस्त मिळते, पण ती ताणते. माप एका टोकाच्या पिनेपासून दुसऱ्या टोकाच्या पिनेपर्यंत, टर्नबकल (तार कसायचा पेच) अर्धं उघडं ठेवून घ्यायचं, म्हणजे पुढे कसायलाही जागा राहते आणि सैल सोडायलाही. स्प्लिट पिना (मुख्य पिन निसटू नये म्हणून आडव्या घालतात त्या) नव्याच घाला. दहा-वीस रुपयांच्या पिनेपायी डोलकाठी पाण्यात गेलेली बघितली आहे.

आणि हो, तारा ज्या पट्ट्यांना अडकतात त्यांचे डेकखालचे बोल्टही काढून बघा. लाकूड काळं पडलं असेल, तर आधी ते काम.